मीठ थोडे, घास गोड



आजचा आमचा विषय चुलीजवळचा आहे. तो आहे मिठाचा. घरातल्या कोणाला रक्तदाब असतो. डॉक्टर सांगतात, "मीठ कमी करा." मग त्या माणसाने काय खायचे? घरच्यांनी काय रांधायचे? आणि ते खाताना त्याला बरे कसे वाटायचे? एवढ्याच गोष्टी आज आपण बोलणार आहोत.

मीठ ही वस्तू लहान, पण तिचा मान मोठा. आपल्या बोलण्यातच पाहा. गरिबाच्या जेवणाला आपण मीठभाकर म्हणतो. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या मिठाला जागावे म्हणतो. चांगले काम बिघडले तर मिठाचा खडा पडला म्हणतो. लेकराला दृष्ट लागली तर आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. १९३० साली ६ एप्रिलला महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले आणि सरकारचा कायदा मोडला. आपल्याकडे वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यालाही त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला. मिठावर कर होता, आणि तो गरिबाच्या भाकरीवरचा कर होता. म्हणून लोक लाठ्या खायला तयार झाले.

तेव्हा मीठ आपला वैरी नाही. अंगाला थोडे मीठ लागतेच. पण आता मीठ स्वस्त आहे, हाताशी आहे, आणि हात सैल सुटला आहे. सारी अडचण तिथे आहे.

मीठ जास्त झाले तर काय होते?

शेतात तुम्ही मोटार लावून पाइपाने पाणी देता. पाण्याचा जोर बेताचा असला तर पाइप वर्षानुवर्षे टिकतो. जोर फार झाला तर काय होते? पाइप ताणतो. कुठे सांधा निसटतो, कुठे पाइप फुटतो. मोटारीवरही भार पडतो. आपल्या अंगातही असेच आहे. काळीज म्हणजे मोटार. रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. रक्त ज्या जोराने वाहिन्यांच्या भिंतींवर दाबते, त्याला रक्तदाब म्हणतात. गावात कोणी त्याला नुसते बीपी म्हणतात.

मिठाचा गुण असा, की ते पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात उघड्या बरणीतले मीठ कसे ओले होते, ते तुम्ही पाहिलेच आहे. अंगात मीठ जास्त झाले की पाणीही जास्त साठते. वाहिन्यांतून जास्त रक्त वाहू लागते. दाब वाढतो. असा दाब वर्षानुवर्षे राहिला की कधी मेंदूतली वाहिनी फुटते किंवा तुंबते. मग माणसाच्या अंगावरून वारे जाते. हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते. कधी काळीज थकते. कधी मूत्रपिंडे निकामी होतात.

आणि यातली फसवी गोष्ट अशी, की दाब वाढला तरी बहुधा दुखत नाही, खुपत नाही. माणूस म्हणतो, "मला काय झालंय? मी तर दोन पोती उचलतो." म्हणून दाब मोजूनच घ्यावा लागतो. आरोग्य उपकेंद्रात तो मोजतात. आशाताईंना विचारा, त्या सांगतील. मोजले की दोन आकडे मिळतात. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असा पुनःपुन्हा येत असेल तर दाब वाढला आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे जावे. तुम्ही आता आकडे वाचू शकता. आपला आकडा विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा.

आता आपण घरात येऊ.

डॉक्टरांनी सांगितले, आबांचे मीठ कमी करा. घरी आल्यावर काय होते? आबांसाठी वेगळे पातेले चढते. त्यात पाणचट वरण, उकडलेली भाजी. ना फोडणी, ना लसूण, ना आंबट, ना तिखट. "डॉक्टरांनी सांगितलंय ना!" असे म्हणून सगळेच काढून टाकतात. शेजारी पोरे ठेचा, पापड, लोणचे खात असतात. आबा आपल्या ताटाकडे पाहतात.

"मामंजी, जेवा ना. गार होतंय."

"काय जेवू, पोरी? हे जेवण आहे का गवत?"

"पण डॉक्टरांनी..."

"डॉक्टरला म्हणावं, तू खाऊन दाखव."

हे बोलणे पुष्कळ घरांत ऐकू येते. मग आबा चार दिवस अर्धपोटी राहतात. पाचव्या दिवशी भिंतीआडच्या बरणीतून लोणच्याची फोड काढतात. महिन्याने सारेच सुटते. सून म्हणते, आबा ऐकत नाहीत. आबा म्हणतात, सून उपाशी मारते. खरे पाहिले तर दोष दोघांचाही नाही. दोष त्या वेगळ्या पातेल्याचा आहे.

डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटले होते. चव काढून टाका असे म्हटले नव्हते. मीठ आणि चव या दोन गोष्टी एक नाहीत. मीठ ही चवीच्या घरातली एक खोली. त्या घरात आणखी पुष्कळ खोल्या आहेत.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे: वेगळे पातेले बंद करा. सगळ्या घरासाठी एकच जेवण करा. त्यात मीठ कमी घाला आणि चव पुरी घाला. मीठ कमी करणे घरातल्या निरोग्यांच्याही हिताचेच आहे. आबांना दुखणे आहे आणि आपल्याला नाही, असा पंगतीत भेद राहिला नाही, की आबांचा घास सुखाने उतरतो.

किती मीठ खावे?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक लहान चमचा, तोही बोटाने सपाट केलेला. यात भाजीतले, भाकरीतले, लोणच्या-पापडातले, बाहेरच्या खाण्यातले, सगळे मीठ आले. लहान मुलांना याहूनही कमी पुरते.

आपण किती खातो, हे कसे कळावे? सोपा हिशेब आहे. घरात ५ मोठी माणसे आहेत असे धरा. ५ माणसांचे दिवसाचे मीठ २५ ग्रॅम. म्हणजे १ किलोची पिशवी ४० दिवस पुरायला हवी. ती जर २० दिवसांत संपत असेल, तर माणशी १० ग्रॅम मीठ पोटात जाते आहे. दुप्पट! त्यात बाहेरचे फरसाण, वडापाव धरलेलेच नाहीत. मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा पाहा. लिहिता येऊ लागले त्याचा असा उपयोग करावा.

आता दुसरी युक्ती. सकाळी चूल पेटवताना एका लहान वाटीत दिवसाचे मीठ काढून ठेवा. ५ मोठ्या माणसांना चहाचे ४ सपाट चमचे. अर्धा-एक चमचा बाहेरच्या खाण्यासाठी सोडलेला बरा. दिवसभर सारा स्वयंपाक त्या वाटीतल्या मिठात करायचा. वाटी संपली की मीठ संपले. मोठ्या बरणीत हात घालायचा नाही. अंदाजाने चिमूट टाकली की हात नकळत वाढतो. वाटी समोर असली की हात आपोआप जपून चालतो. दुखणेकऱ्याला डॉक्टरांनी याहून कमी सांगितले असेल, तर त्यांचे ऐकावे.

याने खरेच दाब उतरतो का? उतरतो. अमेरिकेत डॉक्टरांनी ४१२ माणसांवर याचा प्रयोग केला. त्याची हकीकत २००१ साली छापून आली. माणसांना जेवण तेच ठेवले. फक्त मीठ बदलले. एक महिना जास्त, एक महिना मध्यम, एक महिना कमी. मीठ जसे कमी होत गेले तसा रक्तदाबही उतरत गेला. ज्यांचा दाब चढलेला नव्हता, त्यांचाही थोडा उतरला. आणि ज्यांच्या ताटात भाज्या, फळे आणि साय काढलेले दूध-दही भरपूर होते, त्यांचा दाब मुळातच कमी राहिला.

जीभ ऐकेल का?

तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक, पण जिभेला कोण समजावणार? जीभच समजून घेते. मात्र तिला थोडा वेळ द्यावा लागतो. बैलाला नवी वाट एका दिवसात लागत नाही, तसेच हे. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या मिठातला चौथा हिस्सा कमी करा. पुढे आणखी थोडा. काही आठवड्यांत जिभेला नवी सवय लागते. मग पूर्वीची आमटी कोणी वाढली, तर तीच खारट लागते. डॉक्टरांनी एकदम कमी करायला सांगितले असेल तर एकदम करा. तेव्हा पुढच्या युक्त्या जास्तच उपयोगी पडतील.

चवीचे सोबती

पहिला सोबती आंबट. मीठ कमी पडले की जीभ काहीतरी झणझणीत शोधते. ते तिला आंबटाने मिळते. चिंच, लिंबू, कैरी, टोमॅटो, ताक, दही ही आपल्या दारातली. अंबाडीची आणि चुक्याची पालेभाजी तर जात्याच आंबट. डाळ घालून, लसणाची फोडणी दिली की मिठाची आठवण फारशी येत नाही. कोकणात कोकम आहे. पण एक जपा. कोकमाच्या आगळात मीठ पुष्कळ असते. आमसुलांनाही कुठे कुठे मीठ लावतात. आधी चाखून पाहा, मग वापरा.

दुसरा सोबती खमंगपणा. भाजले की वस्तूची चव दुप्पट होते. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस, सुके खोबरे, जिरे भाजून कुटा. कांदा निखाऱ्यावर भाजा. मिरची तव्यावर भाजा. दाण्याचे कूट कच्च्या दाण्यांचे आणि भाजलेल्या दाण्यांचे, यात किती फरक असतो ते घरातल्या बायकांना सांगायला नको.

तिसरा सोबती फोडणी. मोहरी तडतडली, हिंग पडला, कढीपत्ता, लसूण लाल झाला, की वास घरभर जातो. अर्धे जेवण नाकानेच होते. पण तेल बेताने, दोन लहान चमचे पुरे.

चौथा सोबती तिखट. आले, लसूण, मिरी, हिरवी मिरची. पण पोट सोसेल एवढेच. आणि इथेही एक जपा. कांदा-लसूण मसाला कुटतानाच त्यात मीठ घालतात. घरी कुटत असाल तर थोडाथोडा, मिठाशिवाय कुटा. विकतचा असेल तर आधी मसाला टाका, चाखा, आणि मगच मिठाला हात लावा.

पाचवा सोबती ताजेपणा. वरून चिरलेली कोथिंबीर, कच्चा कांदा, किसलेला मुळा, काकडीची कोशिंबीर. ताज्या वस्तूला स्वतःची चव असते. शिळ्या वस्तूला मीठ जास्त लागते.

मीठ घालावे कधी?

आपण पातेले चढवतानाच मीठ टाकतो. पालेभाजीचे तर पाहा. कच्ची असताना पातेलेभर दिसते, त्या मानाने मीठ पडते, आणि शिजून खाली बसली की भाजी खारट. म्हणून मीठ शेवटी घाला. पातेले खाली उतरवले की घाला आणि हलवा. मीठ वरवर राहिले की जिभेला आधी लागते. थोडके मीठही पुष्कळ वाटते.

दुसरे, मीठ सगळीकडे नको. भाकरीच्या पिठात नको, भातात नको, चपातीच्या कणकेत नको. अनेक घरांत ज्वारीच्या भाकरीत मीठ घालतच नाहीत. भाकरी भाजीशी खायची असते. भाजीला चव असली की भाकरीला आपोआप येते.

आता तीन पदार्थ सांगतो. पाच माणसांच्या बेताने.

चिंचगुळाची आमटी. एक वाटी तुरीची डाळ मऊ शिजवून घोटा. सुपारीएवढी चिंच भिजवून तिचा कोळ काढा. दोन लहान चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, ठेचलेल्या ७-८ लसणाच्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या घाला. लसूण तांबूस झाला की चिंचेचा कोळ आणि एक चमचा काळा मसाला घालून उकळी काढा. मग डाळ आणि पाणी घाला. गुळाचा लहान खडा टाका. खाली उतरवा. आता वाटीतले एक सपाट चमचा मीठ घाला. वर कोथिंबीर आणि असेल तर ओले खोबरे. ज्याला साखरेचा आजार आहे त्याच्या घरी गूळ गाळावा.

वांग्याचे भरीत. मोठी दोन वांगी निखाऱ्यावर साल करपेपर्यंत भाजा. त्याच निखाऱ्यावर ४ मिरच्या आणि लसणाचा एक गड्डा भाजा. साले काढून सारे कुस्करा. बारीक चिरलेला कच्चा कांदा, मूठभर भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट, कोथिंबीर आणि एका लिंबाचा रस घाला. वरून मोहरी-हिंगाची फोडणी. मीठ अर्धा चमचा, तेही अगदी शेवटी. धुराचा वास, लिंबाचा आंबटपणा आणि दाण्याचा खमंगपणा एकत्र आला की मीठ कमी आहे हे पाहुण्याच्या ध्यानातही येत नाही.

जवसाची चटणी. एक वाटी जवस तडतडेपर्यंत भाजा. ८-१० लसणाच्या पाकळ्या, ५-६ सुक्या मिरच्या, चमचाभर जिरे आणि चिंचेचे लहान बुटुक वेगवेगळे भाजून घ्या. सारे गार झाल्यावर कुटा. यात मीठ मुळीच नको. पहिल्या दिवशी चुकल्यासारखे वाटेल. दोन दिवस चटणी झाकून ठेवा. लसूण आणि चिंच त्यात मुरते. मग गरम भाकरी, थोडे तेल आणि ही चटणी. कारळ्याची, तिळाची, दाण्याची चटणीही अशीच होते. लोणच्याच्या जागी ताटात ही चटणी आली, की लोणच्याची बरणी उघडायची गरज कमी पडते.

ताटात डावीकडे मीठ वाढायची आपली रीत आहे. ती मोडा असे आम्ही म्हणत नाही. दुखणेकऱ्याच्या ताटात त्या जागी लिंबाची मोठी फोड वाढा. उन्हातान्हात राबणाऱ्या धडधाकट माणसाला कमीच वाटले, तर त्याने चिमूटभर मीठ वरून घ्यावे. पातेल्यात चमचाभर जास्त पडण्यापेक्षा एकाच्या ताटात चिमूट पडलेली बरी.

लपलेले मीठ

काही मीठ आपल्याला दिसते. काही लपून येते. लोणचे, पापड, कुरडया, सांडगे, सांडगी मिरची, खारवलेली मासळी, यांतले मीठ आपल्याला ठाऊक असते. तिथे मीठ टिकवण्यासाठी घातलेले असते, म्हणून ते भरपूर असते. पण शेव, चिवडा, वेफर, वडापाव, पाव, सॉस यांतले कोण मोजतो? चहाबरोबरच्या गोड बिस्किटातसुद्धा ते असते. खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतही तेच सोडियम असते, ज्याच्यामुळे मीठ दाब वाढवते.

बंद पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो. अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला सांगा, "बाळा, यात सोडियम किती लिहिलंय ते वाच." मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम पुरते. तेवढे ५ ग्रॅम मिठात असते. पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ८०० लिहिले असेल, तर १०० ग्रॅम खाल्ले की दिवसाचा बराच हिस्सा तिथेच संपला. पोरांनाही मौज वाटते आणि घराचा हिशेबही कळतो.

कोणी म्हणतात, "आम्ही सैंधव खातो, त्याने बीपी होत नाही." हा समज खरा नाही. सैंधव, काळे मीठ, खडे मीठ ही सारी मिठेच. जे थोडे मीठ खाल ते आयोडीन असलेले खा, म्हणजे गलगंड होत नाही. दुकानात कमी सोडियमचे मीठही मिळते. त्यात दुसरा एक क्षार, पोटॅशियम, घातलेला असतो. पुष्कळांना ते चालते. पण ज्याच्या मूत्रपिंडाला विकार आहे, किंवा ज्याला दाबाची काही विशिष्ट औषधे चालू आहेत, त्याला ते घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. मूत्रपिंडाच्या रोग्याने तर आजची आमची भाजी-फळांची गोष्टही डॉक्टरांना विचारूनच पाळावी. त्याचे पथ्य निराळे असते.

आणखी दोन गोष्टी. मीठ कमी करायचे आहे, बंद करायचे नाही. उन्हात फार घाम जाऊन चक्कर येत असेल, किंवा हगवण-उलटी लागली असेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. जुलाबात साखर-मिठाचे पाणी लागते. तेव्हा मिठाला घाबरून ते टाळू नका.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गोळी सोडू नका. दोन महिने कमी मीठ खाल्ले, दाब उतरला, आणि माणूस म्हणतो, "आता बरा झालो, गोळी कशाला?" दाब उतरला तो गोळीने आणि जेवणाने मिळून उतरला. गाडीचे एक चाक काढले तर गाडी चालेल का? गोळी कमी करायची की बंद करायची, ते डॉक्टरच सांगतील.

पाहुणे आणि पंगत

सण येतात, लग्ने येतात, जत्रा येते. आबांनी पंगतीला जायचे नाही का? जरूर जावे. पापड आणि लोणचे डाव्या बाजूला तसेच राहू द्यावे, आमटी एकदाच घ्यावी, कोशिंबीर दोनदा मागावी. आग्रह करणाऱ्याला हसून सांगावे, "पोट भरलं, दादा." आग्रह करणारांनीही ऐकावे. ज्याला पथ्य आहे त्याला आग्रह करणे म्हणजे प्रेम नव्हे. प्रेम करायचे तर त्याच्या ताटात लिंबाची फोड वाढावी.

घरातल्या पुरुषांना एक सांगणे आहे. मीठ कमी करा, हे आपण चटकन बोलतो. पण चव टिकवायला कूट भाजावे लागते, लसूण सोलावा लागतो, चटणी कुटावी लागते. ते सारे एकट्या बाईवर टाकू नका. आबांनी बसल्याबसल्या लसूण सोलावा. मुलाने जवस कुटावेत. जेवायला बसल्यावर "अळणी आहे" असे म्हणण्याआधी लिंबू पिळून पाहावे. आणि चव जमली तर तसे म्हणावे. रांधणाऱ्या बाईला त्या एका शब्दाने उद्याचे बळ येते.

अंगावरून वारे गेलेला माणूस ज्या घरात आहे, ते घर सांगेल की तो भार काय असतो. कमावता हात बसतो, त्याला उठवायला-बसवायला दुसरे दोन हात लागतात, आणि दवाखान्यापायी शेताचा तुकडा जातो. ते टाळायला मोठा पैसा लागत नाही. एक वाटी, एक चमचा, दारातले लिंबू आणि घरातली थोडी समजूत एवढेच लागते.

तेव्हा ध्यानात ठेवा. घरात पातेले एक. मीठ सकाळी वाटीत काढावे. ते शेवटी घालावे. आंबट, खमंग आणि ताजे भरपूर असावे. गोळी वेळेवर घ्यावी. दाबाचा आकडा वहीत लिहावा.

उद्याच्या स्वयंपाकापासून सुरुवात करा. पुढच्या महिन्यात आपण भेटू, तेव्हा मिठाची पिशवी किती दिवस पुरली ते आम्हाला सांगा.